हाय आणि न्हाई

डिसेंबर अर्धा सरला की अंबड रस्त्यावरच्या मोसंबीच्या बागा आजारी दिसायला लागतात. पानं पिवळी पडतात, माना टाकतात, निम्मी तर खाली गळूनच गेलेली असतात. गाडीतून जाणारा नवखा माणूस हमखास हळहळतो, अरेरे, पाण्यावाचून बाग गेली वाटतं. बाग गेलेली नसते, ताणावर असते. महिना-दीड महिना मुद्दाम पाणी तोडायचं, झाडाला चांगलं सुकू द्यायचं आणि मग संक्रांतीच्या आसपास पाणी सोडायचं. असं केलं की झाड फुलांनी लगडतं. पाणी तोडणं कुणालाही जमतं. ते कधी सोडायचं हे ओळखणाऱ्याला आमच्याकडं बागाईतदार म्हणतात. आठवडाभर उशीर झाला तर फांद्या वाळायला लागतात आणि मग विहीर उपसून घातली तरी उपयोग होत नाही.

हे शहाणपण माझं नाही. मी जालन्यातल्या कॉलनीत वाढले. वडील बँकेत, आई सरकारी कचेरीत. आमच्या अंगणातलं पीक म्हणजे एक तुळस आणि तीही उन्हाळ्यात दगावायची. बागेला ताण देतात हे मला आबांनी सांगितलं. आबा म्हणजे कालिंदाचे वडील आणि कालिंदा म्हणजे बॅडमिंटनमधली माझी पहिली जोडीदार. महिला दुहेरीत आम्ही दोघी सात वर्षं एका कोर्टात खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलो. पुढं मी बऱ्यापैकी नाव काढलं. राज्याकडून खेळले, राष्ट्रीय स्पर्धांत पदकं मिळाली, काठमांडू-कोलंबो झालं, खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली, आणि गुडघा गेला तेव्हा शाल-श्रीफळही मिळालं. पहिल्या जोडीदाराचं काय झालं, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं. "घरच्या अडचणींमुळं तिनं खेळ सोडला." हे दोनदा पेपरात छापूनही आलंय. दर डिसेंबरात पिवळ्या बागा दिसल्या की ते वाक्य मला टोचतं आणि मी पलीकडच्या खिडकीतून बघायला लागते. पलीकडंही मोसंबीच असते. जालना जिल्ह्यात तोंड फिरवून फिरवून फिरवणार कुठं?

आमच्या क्लबच्या हॉलला पत्र्याचं छप्पर होतं आणि त्यात कबुतरांची वस्ती. हिवाळ्यात पहाटे पत्रा असा गार पडायचा की खाली उभं राहिलं तरी तो डोक्यावर ठेवल्यासारखा वाटायचा. शटलला आम्ही फूल म्हणायचो. जालन्याची थंडी कोरडी. पिसं कडक व्हायची आणि चार फटक्यांत फूल मोडायचं. त्यावर क्लबच्या प्रशिक्षक सरांनी तोड काढली होती. हॉलबाहेरच्या चहावाल्याच्या उकळत्या पातेल्यावर ते फुलांचा डबा उघडून धरायचे. वाफ लागली की पिसं मऊ पडायची. आमच्या फुलांना आल्याचा वास यायचा. पुढं मी चकाचक हॉलमध्ये खूप खेळले, पण डबा उघडल्यावर आधी नाकाशी न्यायची सवय गेली नाही. नव्या जोडीदारिणी हसायच्या. आत कसलाच वास नसायचा.

कालिंदा गावाहून पहिल्या एसटीनं यायची. वेणी घट्ट, अंगात शाळेचा स्वेटर, खांद्यावरच्या खताच्या पिशवीत रॅकेट. ती चड्डी घालून खेळते म्हणून गावात चर्चा झाली तेव्हा आबा पारावर जाऊन म्हणाले होते, "मंग काय धोतर नेसवू का तिला? मह्यं देतो, कोन नेसतंय सांगा." त्या माणसानं आयुष्यात बॅडमिंटनचा एक नियम धड समजून घेतला नाही, पण पोरीच्या मागं तो असा उभा होता.

दुहेरीत एक गोष्ट प्रेक्षकांना ऐकू येते पण कळत नाही. जोरात, सपाट आलेलं फूल ज्याच्या अंगावर येतं त्याला ते आत पडणार की बाहेर जाणार हे दिसत नाही. ते बाजूच्या जोडीदाराला दिसतं. त्यानं ओरडून सांगायचं आणि यानं डोळे मिटून ऐकायचं. बाहेर जाणारं फूल सोडलं तर गुण आपला, आत पडणारं सोडलं तर त्यांचा. याला कॉल देणं म्हणतात. आमच्यात कॉल देण्यात कालिंदा पक्की होती. तिचे दोन शब्द होते. आत असेल तर "हाय!", बाहेर असेल तर "न्हाई!" म्हणजे आहे आणि नाही. ते शब्द तिला कुणी शिकवले नव्हते. श्वास सोडावा तसे ते तिच्या तोंडून यायचे, कधी कधी समोरच्याच्या रॅकेटला फूल लागायच्या आधी. सात वर्षांत ती चुकली असेल चार-पाच वेळा. मी मान वळवूनसुद्धा बघत नसे. अजून कधी गर्दीत मागून कुणी "हाय" म्हणालं की माझं उजवं मनगट आपोआप उचललं जातं.

ज्या हिवाळ्याबद्दल मला बोलायचंय त्या हिवाळ्यात आम्ही दोघी पुण्यात होतो. वय एकोणीस-वीस. तिथल्या प्रशिक्षण केंद्रात आम्हाला घेतलं होतं आणि जानेवारीत राज्याच्या संघासाठी निवड होणार होती. पहिल्याच आठवड्यात मला तिथल्या एका मुलीनं विचारलं, "तुम्ही विदर्भातल्या का?" मी म्हटलं, नाही, मराठवाड्यातल्या. ती म्हणाली, "तेच ते." मला राग यायला हवा होता, आली ती लाज. मी चार दिवसांत 'मंग'चं 'मग' केलं, 'जल्दी'चं 'लवकर' केलं, जेवताना 'बराबर' म्हणायचं सोडलं. जिभेला वळण लावणं मला जमतं. कालिंदाला त्याची गरजच वाटत नव्हती, आणि तिच्या त्या निवांतपणाचा मला जास्त राग यायचा.

मग एका सामन्यात तिनं खणखणीत "हाय!" दिला आणि बाकावर बसलेल्या तीन मुली हसत सुटल्या. त्यातली एक हात हलवून म्हणाली, "हाय! हाऊ आर यू?" झालं. त्या दिवसापासून कालिंदानं तोंड उघडलं की बाकावरून हात हलायचे. कालिंदाही हसायची, हात हलवून त्यांना उलट हाय करायची. तिला ती गंमत वाटली. पहिल्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर हसले. तेवढं हसू मला परत घेता आलं असतं तर बाकीचं सगळं मी सोसलं असतं, असं आता वाटतं.

त्याच रात्री मी खोलीवर नियम केला. यापुढं कॉल इंग्रजीत. आत असेल तर यस, बाहेर असेल तर नो. "सगळे तसंच म्हणतात," मी म्हटलं. ती म्हणाली, "बरं." तिनं मनापासून मेहनत घेतली. कपडे धुताना बादलीवर वाकून यस-नो, यस-नो चालायचं. पंधरा दिवसांनी ती एकदा पायमोजे पिळता पिळता म्हणाली, "वैशे, आधी आपोआप यायचं. आता तोंड उघडायच्या आधी इचार करावा लागून राह्यलाय. तेवढ्यात फूल पडून जातंय."

"सवय होईल," मी म्हटलं.

"व्हईल की," ती म्हणाली आणि पायमोजे दोरीवर टाकले.

निवडीच्या स्पर्धेला आबा आले. धोतर, टोपी, हातात दशम्यांची पिशवी आणि दुसऱ्या पिशवीत तुरीच्या उकडलेल्या शेंगा, अख्ख्या वसतिगृहाला पुरतील एवढ्या. बाग ताणावर होती, तरी शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून आले होते. "दोन-तीन दिसांत पानी सोडायचंय," म्हणाले, "पर म्हनलं हे एकदा बघावं." मला त्यांच्या टोपीची लाज वाटली. हेही लिहून टाकते. एकदा लिहायला बसलंय तर अर्धं लिहून काय करू?

उपांत्य सामना. जिंकलो तर दोघींचं नाव संघात, हरलो तर नाही. एक गेम आमचा, एक त्यांचा, तिसरा एकोणीस-वीस, एकानं त्या पुढं. शेजारच्या तीन कोर्टांवर सामने चालू, वर गॅलरीत नुसता गलका. समोरच्या उंच मुलीनं सपाट फटका मारला तो थेट माझ्या उजव्या खांद्यावर. मला अर्थातच काही कळलं नाही. डावीकडून आवाज आला, "हाय!"

यस नाही. हाय. पूर्ण छातीतून, शेताच्या बांधावरून मारावी तशी हाक.

माझं रॅकेट वर गेलं. आणि त्याच क्षणी मला बाकावरचं ते हसू ऐकू आलं. ते खरंच होतं की माझ्या डोक्यात, आजही सांगता येत नाही. एवढं मात्र आठवतं की मला तिचा संताप आला. इतके दिवस घोकून शेवटी तेच? आणि हात खाली आला. फूल माझ्या मागं, बरोबर रेषेवर, म्हणजे आतच पडलं. सामना संपला. यातल्या कशालाही एका सेकंदाहून जास्त वेळ लागला नाही.

दुहेरीत हरलेल्या माणसाची एक सोय असते, ती म्हणजे जोडीदार. एकेरीचा खेळाडू हरला की आरशासमोर उभा राहतो, दुहेरीचा शेजारी बघतो. प्रशिक्षक मॅडम खाली आल्या, पाठोपाठ पिशवी सांभाळत आबा. मॅडमनी विचारलं, "कॉल कुणाचा होता?"

मी म्हटलं, "कालिंदाचा. तिनं दिलाच नाही."

कालिंदानं माझ्याकडं पाहिलं, मग आपल्या बुटांकडं. मॅडमनी तिला विचारलं, "का नाही दिलास?" ती म्हणाली, "चुकलं, मॅडम." आबांनी पिशवी बगलेत मारली. लेकीला एवढंच म्हणाले, "चल." संध्याकाळच्या गाडीनं दोघं गेले. तुरीच्या शेंगांची पिशवी खोलीतच राहिली. आम्ही मुलींनी त्या दोन दिवस खाल्ल्या, आणि चांगल्या होत्या.

त्या एका वाक्याची मी पुढं किती वकिली केली म्हणून सांगू! नियम यस-नोचा होता. हाय हा कॉलच नव्हता. म्हणजे तिनं कॉल दिला नाही, हे अक्षरशः खरं होतं. असं मी बसमध्ये, विमानात, फिजिओच्या टेबलावर पालथी पडून स्वतःला पटवलंय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. माझ्या तर बारा महिने पौर्णिमा होती. मॅडमनी महिनाभरात मला पुण्याची एक जोडीदार दिली. ती यस म्हणायची, नो म्हणायची, गोड आवाजात आणि वेळेवर. आम्ही खूप जिंकलो. मी मात्र तिचा कॉल आल्यावरही मान वळवून बघायचे. मॅडम ओरडायच्या, "विश्वास ठेव ना तिच्यावर!" विश्वास तिच्यावर होता. ऐकणाऱ्यावर उरला नव्हता.

कालिंदाला फोन करायचा राहून गेला, असं मी म्हणते. राहून गेला नाही, मी केला नाही. आधी वाटलं, संक्रांतीनंतर ती येईलच परत. मग वाटलं, आता इतक्या दिवसांनी काय बोलू? मग तिच्या लग्नाची पत्रिका आमच्या घरी आली; त्या आठवड्यात माझी स्पर्धा होती. खरोखर होती. अठरा वर्षं अशी गेली.

आता मी रविवारी जालन्यात मुलींना शिकवते. गेल्या महिन्यात बदनापूरहून येणाऱ्या एका मुलीनं खेळताना "न्हाई!" अशी आरोळी ठोकली. तिची जोडीदार रॅकेट तोंडासमोर धरून हसली आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "मॅडम, हिला आउट म्हणायला सांगा ना." दोघी माझ्याकडं बघत राहिल्या. पाणी प्यायच्या निमित्तानं मी बाहेर आले आणि पायरीवर बसून राहिले. मुलींना वाटलं, गुडघा दुखतोय.

पुढच्या रविवारी अंबड रस्त्याला लागले आणि खिडकी बदलली नाही.

कालिंदा बागेतच भेटली. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला रुमाल, हातात कात्री. नवरा अंबडला शाळेत मास्तर; आबांना दुसरं मूल नाही म्हणून बाग हीच बघते. ओळीनं सहा-सात बाया वाळलेल्या काड्या छाटत होत्या. मला बघून ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "जाड झालीस गं वैशे." मग खाली वाकून झाडाच्या बुंध्याशी मूठभर माती उकरली, दाबून बघितली, सोडून दिली. "अजून आठ-दहा दिस," ती कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाली. रस्ताभर मी वाक्यं जुळवत आले होते, त्यातलं एकही आठवेना.

"कालिंदा, त्या दिवशी तुझा कॉल मी ऐकला होता."

ती काड्या छाटत राहिली. "मला म्हाईत हाय."

"काय?"

"मी बोलल्याबराबर तुझं रॅकेट वर आल्तं. मंग खाली गेलं. बाजूलाच उभी व्हते की मी."

"मग मॅडमसमोर बोलली का नाहीस?"

"तू बोलशील वाटलं. त्या दिवशी न्हाई तर दुसऱ्या दिवशी. संकरात गेली, शिमगा गेला. पुढल्या साली लगीन झालं. मंग सोडलं ते डोक्यातून." कात्रीची कट्कट् थांबली नव्हती. मी रडायला लागले. तोंडातून नुसतं 'चुकलं, चुकलं' येत होतं. ती हळूच म्हणाली, "रडू नको, बाया बघून राह्यल्या." आणि मग पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "आन् मला काय सांगून राह्यली? मला तं म्हाईतच व्हतं. आबाला सांग. त्या दिवसापासून ह्या घरात खेळाचं नाव निघालं न्हाई. कुनी इचारलंच तर म्हनायचे, पोरगी ऐन वक्ताला भ्याली. माझ्यासमोर म्हनायचे."

विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपाशी बाजेवर आबा बसले होते. पार वाळून गेलेले, टोपी मात्र तीच असावी इतकी तशीच. "मोठ्यानं बोल," कालिंदा म्हणाली, "कमी ऐकू येतंय." ती माझ्या मागं दोन पावलांवर उभी राहिली.

"आबा, मी वैशाली. जालन्याची."

"आं? तू व्हय! ये, बस. चहा ठेव गं हिला."

"आबा, पुण्याच्या सामन्यात कालिंदानं कॉल दिला होता."

"पानी? न्हाई, पानी न्हाई सोडलं अजून. घाई करून भागत न्हाई."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी कानामागं हात धरला आणि हसून मान हलवली. ऐकू न येणारी माणसं हलवतात तशी. तिसऱ्यांदा मला ओरडावं लागलं. "कालिंदा भ्याली नव्हती, आबा! ती बोलली होती! मी ऐकलं होतं! मी खोटं बोलले!" बागेतल्या कात्र्या थांबल्या. सगळ्या बाया माना वर करून बघायला लागल्या. ज्या शब्दांना मी अठरा वर्षं चारचौघांत झाकून ठेवलं ते आता पार रस्त्यापर्यंत गेले असतील.

आबांचा हात कानावरून खाली आला. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ते माझ्या खांद्यावरून मागं लेकीकडं बघत होते.

"तू बोलल्तीस?"

कालिंदानं मान डोलावली.

"मंग मला का न्हाई सांगितलंस? इतके दिस?"

तिनं हातातली कात्री मिटली, उघडली, परत मिटली. मग अगदी हळू, आवाज जराही न चढवता म्हणाली, "तुमी इचारलं कुठं, आबा?"

आबांना ते ऐकू गेलं नाही. ते माझ्याकडं वळले. "काय म्हनली ती?"

मी त्यांच्या कानाशी वाकले आणि ती जे म्हणाली होती ते, एकही शब्द न बदलता, मोठ्यानं सांगितलं.